पक्क्या बर्फावरचा सुभाष

आमच्या बर्फाच्या कारखान्यात वडिलांच्या वेळेपासूनची एक रीत आहे. मयतीसाठी बर्फ मागणारा फोन आला, की कोण गेलं ते विचारायचं नाही आणि पैसे घ्यायचे नाहीत. किती लाद्या आणि कुठं, बस्स. फोनवर दुःखाच्या घरचा माणूस असतो, त्याला बोलतं कशाला करायचं? मे महिन्यातल्या त्या सकाळी आर्णीत आठलाच ऊन डोक्यावर आलं होतं. रसवंतीवाले, मंडपवाले, मठ्ठेवाले दारात ओरडत होते आणि मी त्यांच्यावर ओरडत होतो. तेवढ्यात फोन वाजला.

"चार लाद्या पाहिजे होत्या काका. पोरगी पुण्याहून येऊन राह्यली. रात्र होईन तिले."

"पाठवतो बाप्पा. कुठं?"

"सुभाषकाकाच्या घरी."

माझ्या तोंडून निघून गेलं, "कोणते सुभाषकाका?" वडिलांची रीत मी त्या सकाळी मोडली. फोनवर सुभाषचाच पुतण्या होता. तो म्हणाला, "तुमचेच, काका."

आता सुभाष कोण, ते सांगतो. सुभाष म्हणजे आर्णीचा बर्फावर हॉकी खेळणारा माणूस. हसू नका. आम्ही हसलो होतो, आणि ते मला फार महागात पडलं आहे. कापूस, तूर, सोयाबीन पिकवणाऱ्या घरात तो जन्मला, आणि आमच्याकडे बर्फ म्हणजे उसाच्या रसात टाकायची वस्तू. पण त्याचं आणि बर्फाचं माझ्या डोळ्यांसमोर जुळलं. शाळा सुटली की आम्ही पोट्टे कारखान्यात घुसायचो. पैज अशी, की ताज्या लादीवर अनवाणी कोण जास्त वेळ उभं राहतं. जिंकणाऱ्याला लाल गोळा. वीस मोजेपर्यंत मी नाचायला लागायचो. सुभाष डोळे मिटून उभा, चेहरा असा की गड्याला झोप लागली असावी. "तुले झोंबत नाही काय बे?" मी विचारायचो. "झोंबते ना. मंग थोड्या वेळानं पाय आपले राहत नाही. मजा येते." तेवढ्यात वडील लाद्या ओढायचा आकडा हातात घेऊन यायचे आणि आम्ही पळायचो. लादीवर त्याच्या पावलांचे दोन खळगे राहिलेले असायचे... तीच लादी मग संध्याकाळी कुणाच्या तरी लग्नात जायची.

बारावीनंतर आम्ही दोघंही यवतमाळला सैन्याच्या भरतीला गेलो. धावताना तिसऱ्या फेरीत माझ्या बरगडीत अशी कळ आली, की मी मैदानातच बसलो. पुढं गेलेला सुभाष मान वळवून पाहत होता. थांबू की पळू, हे त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. "पळ ना बे, मायाकडे काय पाहून राह्यला!" मी ओरडलो. तो पळाला. मी एसटीनं आर्णीला परत आलो आणि त्याच वर्षी वडिलांच्या खुर्चीत बसलो. इथंच लिहून टाकतो, मागाहून धीर होणार नाही. मला त्याचा हेवा वाटायचा. एकदोन दिवस नाही, वर्षानुवर्षं. त्याच्यावर जीव होता आणि त्याचा हेवाही होता, दोन्ही एकाच छातीत सुखानं नांदत होते.

भरती झाल्यावर त्याला लडाखला पाठवलं. तिकडे थंडीत तळी गोठतात. जवान त्यांच्यावर पाणी शिंपून शिंपून गुळगुळीत मैदान करतात. पायात पात्याचे बूट, हातात लांब काठी, आणि चेंडूच्या जागी काळी रबरी चकती. तिकडची पोरं चालायला लागल्यापासून बर्फावर घसरतात. आपल्या गड्यानं बाविसाव्या वर्षी ते बूट घातले आणि पहिला महिना पडण्यातच गेला. पण एक गोष्ट त्याला घरून येत होती. खळ्यावर बैल अडला, की त्याला खांदा लावून हलवायचं. तोच खांदा त्यानं बर्फावर लावला. गोल करणं त्याचं काम नव्हतं. मागं राहायचं आणि येणाऱ्याला अडवायचं. चकती घेऊन सुसाट येणारा माणूस त्याच्या खांद्याला लागला की थेट काठच्या फळीवर जाऊन धडकायचा. "नियमात बसते ते," तो मला बजावून सांगायचा, जणू मी पोलिसात जाणार होतो. पुढं त्याला खेळासाठीच ठेवून घेतलं. बारा हिवाळे तो सैन्याच्या संघातून खेळला, तीच त्याची नोकरी. समोरचे दोन दात गेले, गळ्याजवळचं हाड दोनदा मोडलं. एकदा संघाबरोबर परदेशातही जाऊन आला. "तुमच्यावर किती गोल बसले?" मी खवचटपणे विचारलं. "मोजणारा थकला," तो म्हणाला, आणि त्या दोन दातांच्या फटीतून हसला.

त्याचा हंगाम हिवाळ्यात, माझा उन्हाळ्यात. त्यामुळं तो सुट्टीवर यायचा तो नेमका मे महिन्यात. दुपारी तो कारखान्यात येई आणि आम्ही बर्फाच्या खोलीत भुशाच्या पोत्यांवर बसायचो. बाहेर डांबर वितळत असे. आत तो लाद्यांवर बोटाचं पेर वाजवत फिरायचा. टण्ण आवाज आला, की "पक्का." भद्द आला, की "कच्चा हाय. आत हवा हाय. याच्यावर पाय टाकला का गेलाच समज." मग बसून सांगायला लागायचा... सकाळी तळ्यावर पात्यांचा आवाज कसा येतो, कुणी नवं कापड फाडत असल्यासारखा. बर्फाखाली तळं मधूनच कसं कण्हतं. मिशीवर श्वास कसा गोठतो. पिवळ्या बल्बच्या उजेडात लाद्यांवरून धूर सरकत असायचा, मला अर्धवट डुलकी लागायची आणि वाटायचं, आपण तिथंच आहोत, पलीकडे डोंगर आहेत, आणि पांढऱ्यावर एक माणूस मागं मागं घसरत चालला आहे... मग आमचा जुना कामगार रामाजी दार उघडायचा, "मालक, गिऱ्हाईक," आणि सगळं जागच्या जागी विरायचं. मी चिडून उठायचो.

सुट्टी संपली की जाताना तो दर वर्षी एकच मागायचा. "या जानेवारीत ये ना बे गज्या. एक मॅच पाय. घरच्यापैकी कोणी तरी पाह्यलं पाहिजे ना." त्याच्या बायकोला, शालूवहिनीला दमा. ती हवा तिला सोसणारी नव्हती. आईवडील शेत सोडायचे नाहीत. राहिलो मी. आणि जानेवारीत बर्फाचा कारखाना बंद असतो, म्हणजे मला सबबसुद्धा नव्हती. "येतो," मी म्हणायचो. मग कापूस वेचायला बाया मिळत नाहीत, पाठ धरली, पोराची परीक्षा... काहीतरी निघायचंच. खरी गोष्ट एवढीच, की ज्या मैदानात मी बसून राहिलो, त्याच्या पुढचं त्याचं मैदान मला पाहवणार नव्हतं.

त्याची एक सवय होती. बोलताना तो माणसाच्या डोळ्यांकडे पाहत नसे, शर्टाच्या खिशाकडे पाहत असे. गावात त्यावरून गंमत व्हायची. पानठेल्यावाल्यानं मला एकदा बाजूला घेऊन विचारलं, "भाऊ, हा फौजी माया खिशाकडे काहून पाहून राह्यला? काय ठेवलं बाप्पा मी खिशात?" मी सुभाषला सांगितलं तर तो हसत सुटला. "डोळे फसवते गज्या. काठी फसवते. छाती नाही फसवत. माणूस जिकडे जाणार, छाती पह्यले तिकडे वळते. आपण फक्त छातीवर नजर ठेवाची अन् उभं राहाचं." बायांशी बोलताना मात्र बिचारा सरळ जमिनीकडे पाहायचा, मास्तरांनी उभं केल्यासारखा. तर एका वर्षी बस स्टँडवर मी नेहमीप्रमाणे म्हटलं, "येतो या जानेवारीत, नक्की." त्यानं माझ्या खिशाकडे पाहिलं. पाहत राहिला. मग माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "जाऊ दे. तू येत नाही. तुयी छाती वळलीच नाही तिकडे." त्यानंतर त्यानं कधी विचारलं नाही.

निवृत्त होऊन तो गावी आला तेव्हा आम्ही मोठ्या हौसेनं त्याचा सत्कार ठेवला. फ्लेक्स पाहून मीच कपाळावर हात मारला. हिरव्यागार गवतावर चेंडू मारणारा कुणी भलताच हॉकीवाला, आणि खाली सुभाषचं नाव. भेट म्हणून गवतावरची काठी आणि पांढरा चेंडू. सुभाषनं दोन्ही कपाळाला लावून घेतलं. हे चाललं असतं. पण मित्र म्हणून मला बोलायला उभं केलं, आणि माईक हातात आला की माझी जीभ सैल सुटते. मी म्हणालो, "याचा खेळ आम्ही कोणी डोळ्यांनी पाहिलेला नाही. हा म्हणते म्हणून खरा!" मंडप हसला. सुभाषही हसला. पण तेव्हा तो माझ्या खिशाकडे पाहत नव्हता, हातातल्या त्या चेंडूकडे पाहत होता. माफी मागायची राहून गेली. बारा वर्षं आम्ही रोज भेटलो, चहा प्यायलो, आणि ती राहून गेली.

दोन वर्षांपूर्वी त्याला हृदयाचा पहिला झटका आला. त्यातून उठल्यावर एक दिवस शालूवहिनी मला म्हणाल्या, "भाऊजी, हे रोज त्या बुटाच्या पात्याले तेल लावते. कायले लावते, मी इचारत नाही." रात्री मला जेवण गेलं नाही. डिसेंबर होता. दुसऱ्या दिवशी मी बंद कारखाना सुरू केला. "मालक, हिवाळ्यात बर्फ कोण खाते?" रामाजी म्हणाला. "मी खातो. तू लाद्यांच्या डब्यांत पाणी भर," मी खेकसलो. चार दिवसांत आम्ही बर्फाच्या खोलीत लाद्या एकीला एक लावून या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत अंथरल्या, सांध्यांत चुरा भरला, वरून पाणी शिंपडलं, जसं तो सांगायचा तसं. मग त्याला निरोप धाडला, बूट घेऊन ये म्हणून.

तो दारात उभा राहिला. खाली बसला आणि रांगत रांगत एकेक लादी वाजवत गेला. "ही अन् ही, दोन कच्च्या हाय. काढा." आम्ही मुकाट्यानं बदलल्या. बुटाच्या नाड्या त्याला एकदा सोडून पुन्हा बांधाव्या लागल्या. मी बांधू लागलो तर हात झटकला. मग उठला, आणि... काय सांगू? पोट, पांढरी दाढी, दुखरा गुडघा, सगळं कुठं गेलं कुणास ठाऊक. खोली ती केवढी, पाचसहा रेटे की भिंत. पण तो गेला, वळला, आला, मागं मागं घसरत गेला, धुरात नाहीसा झाला आणि पुन्हा धुरातून आला. आणि कापड फाटल्याचा तो आवाज. मी तो आधी कधीच ऐकला नव्हता, तरी मला तो पाठ होता. रामाजी दाराशी हात जोडून उभा होता, देवळात उभा राहतात तसा.

"ये," सुभाष म्हणाला. त्यानं डब्याचं झाकण माझ्या पायाशी सरकवलं. "ही चकती. मले चकवून घेऊन जा." मी चपलांना गोणपाट बांधलं, हातात खराटा घेतला आणि निघालो. तो गुडघे वाकवून उभा, नजर माझ्या खिशावर. डावीकडे जातो असं दाखवून मी उजवीकडे वळलो, निदान मला तसं वाटलं. पुढच्या क्षणाला त्याचा खांदा माझ्या छातीत होता. जोरात नाही, पण पक्का. मी भुशाच्या ढिगावर उताणा. वर पाहिलं तर तो धापा टाकत हात पुढं करून उभा, आणि डोळे लहान पोरासारखे.

"आला बे एकदाचा," तो म्हणाला.

मी रडलो. थंडीनं डोळ्यांतून पाणी येतं, असं त्याला सांगितलं. त्यानं माझ्या खिशाकडे पाहिलं आणि मान हलवली. "सत्काराच्या दिवशीचं..." मी सुरू केलं. "ऊठ, भुसा झटक," तो म्हणाला.

ते बूट आता बर्फाच्या खोलीत खिळ्याला टांगलेले आहेत. वहिनींनीच आणून दिले. तेल मी लावतो. लादी बाहेर काढायच्या आधी माझं बोट आपोआप तिच्यावर वाजतं आणि रामाजीची नजर मला चुकवावी लागते. ही सवय लागली ती फोन आला त्या सकाळी. चार लाद्या रामाजीनं काढून ठेवल्या होत्या. मी वाजवून पाहिल्या, तीन भद्द. सगळी गिऱ्हाइकं ताटकळत ठेवून मी खोलीतल्या लाद्या एकेक करून वाजवत गेलो. टण्ण बोलणाऱ्या चार निवडल्या, गोणपाटात गुंडाळल्या आणि गाडीत त्यांच्यासोबत मागं बसून त्याच्या घरी गेलो. वहिनी भिंतीला टेकून बसल्या होत्या. मी कुणाला हात लावू दिला नाही. दोन्ही बाजूंना एकेक, उशाशी एक, आणि चौथी त्याच्या अनवाणी पायांना लागेल अशी. मग त्याच्या समोर सरळ उभा राहिलो, छाती त्याच्याकडे करून.

"पक्का हाय बे," मी म्हटलं. "एकेक वाजवून आणला."