तिन्ही भाषांतली पाठ

अळगर एकोणीस वर्षं पडत आला होता आणि त्याचा त्याला अभिमान होता. छपरावरून पडला, धावत्या लॉरीवरून पडला, एकदा तर पेटलेल्या गोठ्यातून उडी मारून बाहेर आला. तामिळ पडद्यावरच्या एका बड्या हिरोची पाठ म्हणजे अळगरची पाठ. तोंड हिरोचं, पडणं याचं. सतराव्या वर्षी लाठी फिरवता येते एवढ्या भांडवलावर उसिलमपट्टीहून चेन्नईला आला, वडपळनीच्या एका खोलीत सहा जणांत राहिला आणि दोन बरगड्या, एक खांदा व डाव्या हाताची करंगळी या धंद्यात मोडून घेतली. गावच्या थिएटरात हिरोने उडी मारली की त्याची आई शेजारणीला कोपर मारून सांगायची, "हा माझा!" शेजारीण म्हणायची, "गप गं, आधी तोंड तर दिसू दे."

अशा माणसाला वैरी भेटला तो घरातच, आणि त्याला धंद्यात आणलंही यानेच. सेवुगन हा धाकट्या बहिणीचा, मीनाळचा नवरा. बाजारात केळ्यांचे घड उतरवत होता. अळगरने खटपट करून त्याला युनियनचं कार्ड मिळवून दिलं, पडताना हनुवटी छातीला कशी लावायची, श्वास कधी सोडायचा, सगळं हाताला धरून शिकवलं. आणि त्या लेकाच्याने तीन वर्षांत सगळं उचललं. तो पडला की लाइटवालेसुद्धा "आई गं!" म्हणायचे. अळगर पडला की ते चहा पीत राहायचे.

तरी आजवर अळगरचा हिरो अळगरकडे होता. मग हा सिनेमा आला, एकाच वेळी तामिळ, तेलुगू आणि हिंदीत. सेट एक, मारामारी एक, खलनायकही एकच, पण हिरो तीन. तामिळ हिरो ठोसा मारून खुर्चीत बसला की तेलुगू हिरो यायचा, तो बसला की हिंदीवाला. खलनायक बिचारा एकाच कारणासाठी तीन-तीनदा मार खायचा. फक्त शेवटची उडी एकदाच घ्यायची होती. तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीतून धावत यायचं आणि काचेची अख्खी भिंत फोडून खाली. काच एकच होती आणि शॉट मागून होता. तोंड दिसणार नव्हतं, म्हणून तिन्ही भाषांना तीच पाठ चालणार होती.

ती पाठ आपलीच, असं अळगर धरून चालला होता. उडीच्या दिवशी सकाळी फाइट मास्टर दुरैपांडींनी सगळ्यांसमोर सांगितलं, "उडी सेवुगन मारेल."

"मास्टर, एकोणीस वर्षं मी या हिरोचा..."

"तेव्हा हिरो एक होता रे. बाकीचे दोघं काठीसारखे आहेत. तुझी ही कंबर तामिळमध्ये खपून जाते, मुंबईला नाही खपायची."

लोक हसले. अळगरही हसला, आणि त्याच्या अंगाचा तिळपापड झाला.

नाश्त्याचा पोंगल तो ताटलीत नुसता चिवडत बसला. तेवढ्यात सेवुगन आपली ताटली घेऊन शेजारी येऊन बसला. मेव्हण्याला तो तामिळ रीतीने मच्चान म्हणायचा. "मच्चान, गादी तुम्हीच रचायची हं. दुसऱ्याच्या गादीवर मी पडणार नाही."

"का? बाकीच्यांचे हात झडलेत?"

"मीनाळने बजावलंय. म्हणाली, अण्णाने रचली असेल तरच उडी मार."

"वा दाजी! उडी तुमची आणि हमाली आमची!"

सेवुगनला ती थट्टा वाटली. बहीण घेऊन गेला, आता उडीही नेली, वर गादी आपणच घालायची, हे अळगरच्या मनातून जाईना.

गादी म्हणजे रिकामी पुठ्ठ्याची खोकी. पाच थर एकावर एक, वर जाड गाद्या, भोवती दोरी. अळगरने हवा निघायला प्रत्येक खोक्याला भोकं पाडली, एकही ओलं खोकं आत येऊ दिलं नाही. कामात खोट काढायची हिंमत कुणाची नव्हती. पण हात खोकी रचत होते तेव्हा डोक्यात उडी चालली होती, आणि त्या उडीत धावत होता तो अळगर, काच फोडत होता तो अळगर. जिथे अळगर पडला असता तिथे त्याने गादीचा मध्य धरला.

उडी मारणाऱ्याने गादी बघायला यायचं नसतं. आला तर रचणाऱ्याच्या तोंडावर थुंकल्यासारखं होतं. सेवुगन सरळ वर गेला. मास्टरांच्या माणसाने दृष्ट काढायला कोहळ्यावर कापूर पेटवला, वर-खाली ओवाळला आणि गादीपुढच्या फरशीवर कोहळा आपटला. त्याची एक फोड घरंगळत गादीच्या पलीकडच्या कडेला येऊन थांबली.

अळगरचं तिकडे लक्ष गेलं आणि त्याला वाळू आठवली. दोन रविवारांपूर्वी समुद्रावर दोघांनी वाळूत उड्या मारून पाहिल्या होत्या. सेवुगन त्याच्या पुढे पाच फूट पडला होता. आजूबाजूला कुणी नव्हतं. अळगरने ती खूण पायाने पुसून टाकली होती, आणि सेवुगनने ते पाहून न पाहिल्यासारखं केलं होतं. गादी दहा फुटांची. मध्यापासून पाच फूट पुढे म्हणजे बरोबर कड, आणि कडेखाली फरशी.

पडू दे, असं त्याच्या मनात आलं. आलं, हे नाकारण्यात अर्थ नाही. हात मोडेल, फार तर पाय.

"कॅमेरा!" कुणीतरी ओरडलं.

"थांबा!" अळगर त्याच्याहून मोठ्याने ओरडला.

दुरैपांडी भडकले. "कापूर ओवाळून झालाय आणि आता थांबा? काय झालं?"

"गादी चुकलीय."

"कुणी चुकवली?"

"मी." तिन्ही हिरोंची माणसं ऐकत होती. लाइटवाल्यांनी चहाचे ग्लास खाली ठेवले. "मी माझ्या मापाने रचली. तो... जरा पुढे जातो."

"जरा म्हणजे किती?"

"दोन फूट."

वरून, काचेशेजारच्या खिडकीतून सेवुगनने डोकं काढलं. त्याला सगळं कळलं होतं. "मास्टर, राहू द्या! मच्चानची गादी बरोबर आहे, मीच थोडी आखूड मारतो!"

अळगरला वाटलं, याने खाली येऊन चारचौघांत कानाखाली मारली असती तरी बरं झालं असतं. आखूड उडी म्हणजे काचेखालच्या कट्ट्यावर गुडघे फुटणार, हे त्यानेच सेवुगनला शिकवलं होतं.

"आखूड मारायची नाही, गाढवा! पूर्ण मार!" तो वर बघून ओरडला. मग मास्टरांकडे वळला. "दोन नाही. पाच फूट. माझ्यापेक्षा पाच फूट पुढे जातो तो."

कुणी हसलं नाही, आणि तेच त्याला जास्त लागलं. दहा जणांनी मिळून गादी पाच फूट पुढे सरकवली. मापाची दोरी अळगरनेच धरली.

काच फुटली. सेवुगन हवेत आला आणि गादीवर पडला. टाळ्या झाल्या, शिट्ट्या झाल्या, मुंबईचा हिरोसुद्धा खुर्चीतून उठला. अळगर धावत गेला. सेवुगनच्या अंगाचा खळगा त्याने पाहिला, आणि मग सरकवलेल्या गादीचा मध्य पाहिला. खळगा मध्यावर नव्हता. चांगला दीड हात पुढे होता.

म्हणजे वाळूतसुद्धा हा हात राखूनच उडी मारत होता.