कर्नलचा एक नियम आणि मामांचं लाल बटण

गेल्या शनिवारी लॅपटॉप घेऊन हिंगणीला गेले होते, मामांकडे. मामा बोर व्याघ्र प्रकल्पाच्या जंगलात वनरक्षक आहेत. एकट्याने गस्त घालणाऱ्यांसाठी आमची छोटी कंपनी खास फोन तयार करते... बाजूचं लाल बटण दाबलं की घरी आणि चौकीवर कॉल जातो.

सोमवारी फोन वाटायचे होते. चाचणीचा एक फोन मामा आधीपासून वापरत होते. त्यांनी अंगणात बटण दाबलं... काहीच नाही.

"चालून नाई राह्यलं व बाई," मामा म्हणाले.

लॉग, म्हणजे फोनमधल्या घडामोडींची नोंद, उघडला. नव्या अपडेटनंतर कर्नलच बटणाच्या प्रोग्रॅमला अडवत होता. कर्नल म्हणजे फोनचा गाभा; कुणी कशाला हात लावायचा, याचे सक्तीचे नियम तिथे असतात. नियम लिहिलेला नसेल तर नाही म्हणजे नाही, मागणारा कुणीही असो.

कंपनीतल्या सीनियरला फोन केला. तो म्हणाला, "सध्या कर्नलची ती नियमांची तपासणीच बंद कर, नंतर बघू." बटण लगेच चाललं असतं...

"मंग काऊन थांबली?" मामांनी विचारलं.

थांबले, कारण लॉगमध्ये खाली आणखी एक नकार दिसला. एक टॉर्चचं ॲप मामांच्या गस्तीच्या जागांची फाइल वाचायला बघत होतं. ती फाइल आमच्याकडून चुकून उघडी राहिली होती, कर्नलच्या नियमामुळेच ती त्या ॲपच्या हाती लागली नाही.

"म्याच टाकलं ते, उजेड चांगला पडते म्हून," मामा म्हणाले. मग एकदम हळू आवाजात, "त्यात तं वाघिणीच्या पिल्लांची जागा हाये व..."

सीनियरला स्क्रीनशॉट पाठवला. लगेच उत्तर आलं, "बंद करू नकोस."

ॲप काढलं, फाइल बंद केली. मग एकच नियम लिहिला... बटणाच्या प्रोग्रॅमला कॉल लावायची मुभा, बाकी कशाची नाही. फोन रीस्टार्ट झाला. मामांनी बटण दाबलं.

स्वयंपाकघरात मामीचा फोन खणाणला. मामी पिठाच्या हातांनी धावत बाहेर आल्या. "काय झालं जी? कुठी हा तुमी?"

"अंगनातच हाओ ना!" मामा हसत सुटले. मी हसता हसता रडले...

तोच नियम सगळ्या फोनमध्ये घालून सोमवारी ते वाटले गेले. आज मामा गस्तीवर आहेत आणि मी निवांत चहा पितेय. आपण लिहिलेलं काही घरच्या माणसासोबत जंगलात जातं, हे इतक्या जवळून पहिल्यांदाच कळलं... बरं झालं, त्या दिवशी घाई केली नाही.