पदराला लावलेली पिन

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, पोराला नाही, विहारात तर नाहीच. तुम्हाला का सांगतोय — ते मलाही धड ठाऊक नाही.

फोटोपासून सुरू करतो, नाहीतर मी फिरत फिरत भलतीकडेच जाईन. लग्न ठरायच्या वेळी मुलीकडं माझा एक फोटो गेलेला. मोटारसायकलवर बसलेला, डोळ्यांवर गॉगल. गाडी दोस्ताची, गॉगलपण त्याचाच. मी फोटोपुरता बसलेलो — चालवायला कुठं येत होती? पण सुमनला वाटलं, येते. मीपण वाटू दिलं. चौथी शिकलेल्या माणसाला तेवढाच रुबाब. पुढं सगळा जन्म ती चाळभर सांगत राहिली, "आमच्या ह्यांनी तरुणपणी जाम गाडी फिरवलीय." मी मिशीत हसायचो.

रिटायर झालो तशी ती म्हणाली, "अहो, आता तरी मला मागं बसवून फिरवा." पोरगा म्हणाला, "बाबा, ह्या वयात? आधी क्लास तरी लावा." झालं. क्लास लावायचा म्हणजे येत नाही हे कबूल करायचं. त्यापेक्षा मी जुनी गाडी घेऊन दारात उभी केली.

रोज सकाळी कोपरच्या खाडीकडं निघायचो. वळणापर्यंत गाडी ढकलत न्यायची. कुणी विचारलं तर म्हणायचं, लोकांची झोपमोड नको. पुढं रस्ता रिकामा दिसला की बसायचं. क्लच सोडला की गाडी बंद. परत किक, परत बंद. साठीतले पाय भरून यायचे. महिन्याभरात सपाटीला जमायला लागलं. चढ मात्र कधी केलाच नाही. चढावर थांबलेली गाडी पुढं कशी काढायची, हे कुणाला विचारणार? विचारलं असतं तर — नाही विचारलं.

त्या रविवारी विहारात जायचं होतं. ती पांढरी साडी नेसली. पाठमोरी उभी राहून म्हणाली, "अहो, पिन लावा." मीच लावली. पदराचं टोक तिनं कमरेला घट्ट खोचलं. मी बघितलं होतं.

पुलाच्या चढावर पुढची रिक्षा थांबली. मीपण थांबलो. निघताना क्लच झटक्यात सुटला, गाडी बंद पडली, मी परत क्लच दाबला तशी मागं सरकायला लागली. सुमन एका बाजूला पाय सोडून बसलेली. म्हणाली, "अहो, ब्रेक —" मला ब्रेक आठवला नाही. खरं सांगू? आठवला होता. पण मी हँडल सोडलं आणि उडी मारली. ती मागं आहे हे माहीत असून. गाडी तिच्या अंगावर आडवी झाली.

आणि जे सांगायचंय ते अजून आलेलंच नाही.

तिची शुद्ध गेलेली. कमरेपासून खाली गाडीखाली. रिक्षावाला उतरून पळत येईपर्यंत किती वेळ गेला असेल — दहा आकडे मोजण्याइतका म्हणा. तेवढ्यात मी काय केलं? गाडी उचलली? नाही. तिच्या कमरेचा पदर ओढून काढला आणि मागच्या चाकाच्या तारांत कोंबला. मग ओरडायला लागलो, "पदर अडकला, पदर अडकला."

लोकांनी पदर चाकात बघितला. ठाण्याच्या दवाखान्यातल्या कागदावरपण तेच आलं. पोरगा खाटेपाशी उभा राहून तिलाच बोलला, "आई, साधा पदर सांभाळता येत नाही तुला?" मी तिथंच स्टुलावर बसलेलो. ती माझ्याकडं बघून म्हणाली, "तुम्हाला लागलं नाही ना?"

खुबा मोडला तो नीट बसलाच नाही. आता वॉकर घेऊन चालते. पाहुणे आले की आपणहून सांगते, "चूक माझीच. हे गाडीवर होते म्हणून जीव तरी वाचला." फोटो अजून भिंतीवर आहे.

विहारात सगळे पंचशील म्हणतात. चौथं शील खोटं न बोलण्याचं. तेवढ्याला माझं तोंड मिटतं. ती शेजारी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून खणखणीत म्हणते. एकदा कोपरानं ढोसून हळूच म्हणाली, "मोठ्यानं म्हणा की." मी नुसते ओठ हलवले.

दर रविवारी निघायच्या आधी ती वॉकर धरून पाठमोरी उभी राहते. एक हात मागं करते. तळहातावर पिना असतात.

"अहो, आता दोन लावत जा. माझा काय भरवसा."

मी दोन लावतो.