जानराव उभे राहिले

जानराव वानखडे फसले ते एकदा उभे राहिल्यामुळे. त्या दिवशी बसून राहिले असते, तर आज लेकीच्या गावी, धामणगाव रेल्वेला, नातीला खांद्यावर घेऊन बाजारात हिंडत असते.

ब्रिगेडियर देवराव तायडे साहेब वारले तेव्हा अमरावतीच काय, अकोल्याहूनही गाड्या भरून माणसं आली. साहेब होतेच तसे. हुद्दा मोठा, पण निवृत्त होऊन घरी आल्यावर भरतीची तयारी करणाऱ्या पोरांबरोबर पहाटे मैदानावर स्वतः पळायचे. जानराव पलटणीत त्यांच्या गाडीवर ड्रायव्हर. बर्फ असो की वाळू, साहेबांच्या पुढच्या सीटवर जानराव ठरलेले.

श्रद्धांजलीच्या कार्यक्रमाला, पुण्यानुमोदनाला, सगळे पांढऱ्या कपड्यांत बसले. वंदना झाली, भंतेजींचं बोलणं झालं. मग रीतीप्रमाणे एकेक जण उठून गेलेल्या माणसाच्या नावानं संकल्प करू लागला. कुणी दारू सोडली, कुणी वाचनालयाला कपाट दिलं. माईक स्मारक समितीच्या अमोलकडे होता. हा विम्याची कामं करतो. समोरच्याला नाही म्हणायला फट ठेवत नाही. तो म्हणाला, "साहेबांचे जानरावकाकाही आज आपल्यात आहेत."

नाव पुकारलं गेलं आणि जानराव ताडकन उठले. टाचा जुळल्या, हात मांड्यांशी. नाव आलं की उठायचं, एवढंच अंगात मुरलेलं. पण संकल्पाच्या वेळी उठतो तो संकल्प करणाराच, हे त्यांच्या ध्यानात आलं नाही. लोक तोंडाकडे बघत राहिले. जानराव बोलेनात, तेव्हा अमोलनंच वाक्य पुरवलं. "काका म्हणतात, साहेबांचा पुतळा होणार आहे, त्याले रोज सकाळी सलामी देईन. जिवात जीव असेपर्यंत."

टाळ्या पडल्या. सावधानमधला माणूस बोलत नसतो. जानराव बोलले नाहीत.

पुतळा अमरावतीतच, राजापेठेच्या अलीकडच्या चौकात बसला. तेव्हापासून रोज इस्त्रीचे कपडे, बिल्ले, मेणबत्ती, सलामी. शिकवणीला निघालेल्या पोरी स्कूटी थांबवून मोबाईलमध्ये त्यांचा व्हिडिओ काढतात. एकदा ताप भरला होता, तर शेजाऱ्यांनी प्रेमानं ऑटो करून नेलं आणि दोन्हीकडून धरून उभं केलं. कुणाच्या मनात वाईट नाही. वाईट असतं तर भांडता तरी आलं असतं.

या उन्हाळ्यात लेकीचा, संध्याचा फोन आला. दुसरं बाळंतपण, डॉक्टरनं अंथरुणातून उठायचं नाही म्हणून बजावलं. जावई धान्याच्या अडतीवर, सासू नाही. थोरली श्रावणी तीन वर्षांची, आणि आजोबा दिसले की त्यांच्याच हातून जेवणारी. "बाबा, तुम्ही दोघंही या," संध्या म्हणाली, "आईले एकटीले झेपणार नाही."

जानराव अमोलकडे गेले. "मले दोन म्हैने धामणगावले जाणं आहे."

"जा ना काका, कोण अडवते? सलामी झाली की निघायचं, रातच्याले वापस यायचं."

"रोज?"

"आता तुमचा संकल्प आहे काका. मी कोण बोलणारा?"

घरी बायकोनं, जाईबाईंनी ऐकलं आणि कणकेची परात बाजूला सरकवली. "त्या अमोल्याले काय पुसता? साहेबाची पुण्यतिथी आली ना? चार लोकांत साफ सांगा."

पुण्यतिथीला मांडव भरला. जानरावांना दोन शब्द बोलायला बोलावलं. त्यांनी पाठ केलेलं भाषण नव्हतं. एक आठवण होती, तीच सांगितली. संध्या व्हायची होती तेव्हा ते वर चौकीवर होते. घरून तार आली. रजा मागायची हिंमत होईना. साहेबांना कळलं, तेव्हा त्यांनीच खाली जाणाऱ्या ट्रकमध्ये त्यांना बसवून दिलं. म्हणाले, जानराव, पलटण तुझ्यावाचून चालते, घर चालत नाही.

"साहेबानं मले कधी अडवलं नाई," जानराव म्हणाले. "आजही साहेब असते तर म्हणाले असते, जा. लेक बोलावून राहिली. मले सुट्टी पायजे."

पुढच्या रांगेतल्या बायांनी डोळ्यांना पदर लावले. टाळ्या थांबेनात. अमोल माईक घ्यायला स्वतः धावला. "पाहा," तो म्हणाला, "असे साहेब होते, म्हणून काकांनी आजवर एक दिवस चुकवला नाही!" प्रमुख पाहुण्यांनी तिथल्या तिथं पुतळ्यामागे काकांसाठी खोली जाहीर केली, कूलरसकट.

घरी येताच जाईबाई म्हणाल्या, "काहून हो, साफ बोलता नाई आलं?"

"बोललो ना. टाळ्या वाजल्या."

जाईबाई मग वाद घालत बसल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सलामी झाल्यावर दोघं बडनेरा स्टेशनवर गेले. ठरलं होतं ते इतकंच की जानरावांनी त्यांना बसवून द्यायचं. गाडी आली. जानराव पिशव्या घेऊन डब्यात चढले, पिशव्या वर ठेवल्या आणि रिकाम्या जागेवर बसले. बोललं तर हे उठतील, या धास्तीनं जाईबाई खिडकीबाहेर बघत राहिल्या.

समोरचे गृहस्थ अकोल्याहून येत होते. जरा निरखून म्हणाले, "तुम्ही जानराव ना? तायडे साहेबांचे? मी तुमचे व्हिडिओ माझ्या वर्गात दाखवतो हो. अशी निष्ठा आता कुठं दिसते." त्यांनी वाकून नमस्कार केला आणि सहज विचारलं, "मग उद्या तिथं कोण?"

गाडीनं भोंगा दिला. जानरावांनी एकदा बायकोकडे पाहिलं.

"बसा ना हो," जाईबाई म्हणाल्या, अगदी हळू. "पोरगी वाट पाहून राहिली."

ते उतरले. गाडी हलली तेव्हा जाईबाईंनी हात हलवला नाही. त्या मोबाईल काढून संध्याला लावत होत्या.

स्टेशनबाहेर ऑटोवाल्यानं जानरावांना लांबूनच ओळखलं आणि सीटवर फडकं मारलं. "बसा काका," म्हणाला, आणि कुठं जायचं ते न विचारताच त्यानं ऑटो पुतळ्याकडे वळवली.