मान न हलवणाऱ्या सोजरबाई

हॅमरच्या दणक्यात अर्धं आयुष्य झाडू मारून जिचे कान गेले, तिला तुम्ही फोन करून विचारणार का, की बाई, तुम्हाला ऐकू येतं का?

हसू नका. योगिनीच्या अर्जात हेच लिहिलं होतं. फोर्जिंगच्या, म्हणजे तापलं लोखंड ठोकून घडवण्याच्या कारखान्यांत माणसांचे कान कसे जातात, यावर तिला संशोधन करायचं होतं आणि त्यासाठी अनुदान हवं होतं. माहिती फोनवरून गोळा करणार होती. अर्जात एक रकाना होता, समता आणि विविधतेचा: वंचितांना कसं सामील करणार? तिनं आपल्या मार्गदर्शकांच्या, सुजित सरांच्या, जुन्या अर्जातलं वाक्य उचललं, ‘महिला कामगारांना सल्लागार समितीत स्थान दिले जाईल.’ आता स्थान द्यायला बाई हवी. म्हणून ती रहाटणीला सोजरबाईंच्या दारात उभी राहिली.

सोजरबाई मूळच्या धाराशिवकडच्या. चाकणच्या एका फोर्जिंग शॉपमध्ये कंत्राटी सफाईला. लालभडक लोखंडावर हॅमर पडला की तिथली जमीन हलते. हॅमर चालवणाऱ्या पर्मनंट पुरुषांचे कान दरवर्षी तपासतात. त्यांच्याच पायाशी झाडणाऱ्या बायका कागदावर ‘हाऊसकीपिंग’, म्हणजे त्यांना कानच नाहीत. असा हा शहाण्यांचा हिशेब.

योगिनी त्यांच्या उजव्या कानाशी वाकून ओरडली, "मावशी, समितीत याल ना? नुसतं बसायचं."

सोजरबाईंची मान जागची हलली नाही.

"नुसतं बसून काय होतं, ठावं हाय का पोरी? साहेबानं एकदा मीटिंगला नेलं, बायांच्या वतीनं. समदे बोलत व्हते, मला काय बी ऐकू येईना. लाजंकाजं मान हलवत गेले. दुसऱ्या दिशी बायांचा चारचा चहा बंद. म्हनं, तुमची सोजरबाईच हो म्हनली."

"तवापासून हिला आमी बी चहा देत न्हाई," शेजारच्या मंजुळाबाई म्हणाल्या. त्याही त्याच शॉपच्या. बोलता बोलता त्यांनी कप सोजरबाईंच्या हातात दिला.

"आता कळल्याबिगर मान हलायची न्हाई," सोजरबाई म्हणाल्या. "मीटिंग घ्यायची तर आमच्या बोलीत घे."

योगिनीला वाटलं, गावाकडची बोली म्हणत असतील. रविवारी ती समाजमंदिरात पोचली तेव्हा आत झाडू मारणाऱ्या बायका होत्या, हॅमरवरून रिटायर झालेला किसन होता, आणि आवाज कुणाचाच नव्हता. फक्त हात चालले होते. हॅमरच्या दणक्यात कोण कुणाचं ऐकणार? म्हणून शॉपमधल्या माणसांनी हातांचीच बोली घडवली होती. किसननं मिशीला पीळ दिला: सुपरवायझर. मनगटावर घड्याळाच्या जागी चिमूट धरून रबरासारखं ताणल्याचं दाखवलं: ओव्हरटाइम. सोजरबाईंनी काहीतरी भराभर सांगितलं आणि सगळा हॉल पोट धरून हसला.

"काय म्हणाल्या?" योगिनीनं विचारलं.

"तुझंच चाललंय," मंजुळाबाई म्हणाल्या. "म्हनली, ह्या पोरीला काईच ऐकू येत न्हाई."

योगिनीही हसली. दारात जिच्या कानाशी ओरडावं लागलं, ती बाई इथं वाऱ्यासारखी बोलत होती. हात थांबले की सगळ्यांचे श्वास थांबत. एवढं बोलणं या माणसांत होतं, आणि ती ते फोनवर गोळा करायला निघाली होती.

मग हसू मावळलं. मंजुळाबाई हातांची एकेक खूण योगिनीला उलगडून सांगू लागल्या. कान तपासायचे खरे, पण बहिरी निघाली हे ठेकेदाराला कळलं तर दुसऱ्या दिवशी गेट बंद. पोट कानांवर नाही, कामावर चालतं. मग कशाला तपासायचे?

"नाव कंपनीत जाणार नाही. तुमचं तुम्हालाच कळेल," योगिनी म्हणाली. मंजुळाबाईंनी ते हातांनी सोजरबाईंना सांगितलं. सोजरबाईंनी फिरून विचारलं, आणखी एकदा विचारलं. मग एकेका बाईकडे वळून तिचा होकार घेतला. सगळ्यात शेवटी त्यांची मान हलली. सावकाश, एकदाच.

योगिनीनं अर्जातलं ते उचललेलं वाक्य खोडलं. फोनवरून विचारणं काढून टाकलं, झाडणाऱ्या बायका पाहणीत घातल्या, नावं झाकण्याची अट घातली, आणि सोजरबाईंना पगारी सल्लागार, मंजुळाबाईंना पगारी दुभाषी म्हणून लिहिलं. सुजित सर म्हणाले, "हातवाऱ्यांना पैसे कोण देईल?" ती म्हणाली, "सर, तुम्ही एकदा येऊन बघा."

अनुदानाचं उत्तर अजून यायचंय. पण असा रकाना उद्या तुमच्याही पुढ्यात येईल. तेव्हा एवढं करा: जिचं नाव घालणार, तिच्या दारात जा, मीटिंग कुठल्या बोलीत घ्यायची ते तिलाच विचारा, आणि तिची मान आपणहून हलेपर्यंत थांबा.