नेस्टरच्या भिंतीवरचा सातवा खिळा

ओरेस्ट हाव्रिलुक चौदा वर्षं पगार घेऊन बर्फावरची हॉकी खेळला आणि चौदा वर्षांत त्याने एकही गोल केला नाही. तुम्ही हसायची घाई करू नका, वेर्बिव्का गाव तुमच्या वाटचं हसून बसलंय.

बचावपटूला गोल करायला ठेवलेलंच नसतं. त्याने आपल्या जाळीसमोर ठाण मांडायचं, अंगावर येणाऱ्याला मैदानाकडेच्या फळीशी चेपायचं आणि पक सुटला की त्याच्या वाटेत आपलं शरीर घालायचं. पक म्हणजे काळ्या रबराची चकती, आणि तीही खेळाआधी गोठवून दगड केलेली. या धंद्यात ओरेस्टचं नाक चार वेळा मोडलं आणि पुढचे पाच दात गेले. सामन्याआधी तो कवळी काढून कागदी पेल्यात ठेवायचा आणि पेल्यावर नाव लिहायचा, कारण एकदा गोलकीपरची कवळी घालून तो बँकेत जाऊन आला होता. पाच गावांच्या पाच संघांतून तो खेळला. त्यातल्या एका संघाने तर त्याला दुसऱ्याला देऊन टाकलं आणि बदल्यात स्केटच्या पात्यांना धार लावायचं यंत्र घेतलं.

ही बातमी ऐकून त्याच्या सासऱ्याने, नेस्टर पालिचुकने, एकच प्रश्न विचारला होता. "यंत्र जुनं होतं का?"

"नवंकोरं होतं, तातो." तातो म्हणजे बाबा.

"मग समोरचे फसले."

नेस्टरचं वेर्बिव्कात मांसाचं दुकान. त्याच्या लसूण घातलेल्या कोव्बासा सॉसेजसाठी लोक दोन-दोन तास गाडी हाकत येत. वजनकाट्यामागच्या भिंतीवर सहा खिळे आणि सहा खिळ्यांवर सहा फोटो. गावातल्या ज्या पोराने व्यावसायिक सामन्यात गोल केला, त्याचा फोटो तिथे लागायचा. गोल किती, ते नेस्टर विचारत नसे. स्लावको नावाचा एक पोरगा पहिल्याच सामन्यात गोल मारून चौथ्या सामन्याला घरी परत आला आणि पुढे आयुष्यभर ट्रॅक्टर दुरुस्त करत राहिला, पण भिंतीवर तो आहे. सणासुदीला नेस्टर त्याच्या फोटोवरची धूळसुद्धा पुसतो.

ओरेस्टचं लग्न नेस्टरच्या मुलीशी, स्टेफ्काशी, चर्चच्या हॉलमध्ये झालं. बोर्श्च सूपच्या पातेल्यांचा तळ दिसू लागला होता आणि नेस्टरच्या पोटात घरच्या दारूचे चार पेले गेले होते. तेवढ्यात तो खुर्चीवर चढला, एका हातात हातोडी आणि एका हातात खिळा.

"हा सातवा!" तो गरजला. "उद्या सकाळी भिंतीत ठोकणार. माझा जावई गोल करेल त्या दिवशी त्याचा फोटो यावर लागेल."

"आणि नाही केला तर?" मागून कोणीतरी काडी टाकली.

"तोवर लसणाची माळ राहील! जावईबापू, ऐकताय ना? उभ्याने जमत नसेल तर बसून करा, झोपून करा, कसाही करा. पण करा!"

हॉल हसून लोळला. पाद्रीबाबांनीसुद्धा दाढीत तोंड लपवलं.

दुसऱ्या दिवशी खिळा ठोकला गेला आणि त्यावर माळ चढली. नेस्टर शब्दाचा पक्का. दर शरद ऋतूत जुनी माळ उतरायची, नवी चढायची. ओरेस्ट उन्हाळ्यात घरी आला की गिऱ्हाईक आधी माळेकडे बघायचं, मग त्याच्याकडे, आणि मग म्हणायचं, "यंदा लसूण चांगला पोसलाय हो."

ओरेस्ट हसण्यावारी न्यायचा. पण स्टेफ्काला ठाऊक होतं, दुकानात शिरला की तो भिंतीकडे पाठ करून उभा राहतो.

चौदाव्या हिवाळ्यात उजव्या गुडघ्याने दगा दिला. डॉक्टर म्हणाले, हा मोसम शेवटचा. पोटापाण्याची व्यवस्था होती. नेस्टरला सुरी धरवेनाशी झाली होती, दुकान जावयानेच चालवायचं ठरलं. म्हणजे एप्रिलपासून उरलेलं आयुष्य त्या भिंतीपुढे, त्या माळेखाली, गिऱ्हाइकाला सॉसेज तोलून द्यायचं! गुडघ्याचं ऐकून ओरेस्ट शांत होता. माळेचा विचार आला तेव्हा त्याला घाम फुटला.

शेवटचा सामना मार्चमधल्या एका रविवारी दुपारी, त्याच्या संघाच्या गावी, केटल बेंडच्या रिंकवर, म्हणजे बर्फाच्या मैदानावर होता; समोर पाइन पोर्टेजचा संघ. चौदा वर्षांत पहिल्यांदाच नेस्टर सामना बघायला आला. सोबत स्टेफ्का आणि शालीत गुंडाळलेली दोन हात लांब कोव्बासा. तिकीटवाल्याने विचारलं, कुठे बसणार? नेस्टर म्हणाला, "शिक्षेच्या बाकामागे. आमच्या जावईबापूंचा मुक्काम तिथेच असतो."

चूक करणाऱ्या खेळाडूला दोन मिनिटं त्या बाकावर बसवतात, मागे फक्त काचेची भिंत. नेस्टरने काचेला नाक लावून जागा धरली.

प्रशिक्षक डंकन मऊ मनाचा माणूस. सामन्याआधी त्याने ओरेस्टला बाजूला घेतलं. "हे बघ, आज पुढे जावंसं वाटलं तर जा. मी दुसरीकडे बघतो."

ओरेस्ट गेला. दुसऱ्या सत्रात आपली जागा सोडून तो थेट समोरच्या जाळीपर्यंत घुसला, जिवाच्या आकांताने काठी फिरवली आणि पक प्रेक्षकांत एका बाईच्या पॉपकॉर्नमध्ये जाऊन पडला. खेळ पुन्हा सुरू झाला तरी ओरेस्ट पुढेच रेंगाळला. पाइन पोर्टेजच्या पोरांनी तेवढ्यात त्याच्या मोकळ्या जागेतून येऊन गोल केला. एक-एक बरोबरी.

"जावईबापू!" काचेमागून आवाज आला. "गोल झाला हो! तुमच्यामुळेच झाला!"

डंकनने आता मात्र त्याच्याकडे बघितलं. ओरेस्ट मान खाली घालून संघाच्या बाकावर बसला. तिसऱ्या सत्राला उठताना म्हणाला, "मी आपला मागेच बरा."

सामना संपायला चार मिनिटं उरली होती. पाइन पोर्टेजच्या एकाने जाळीवर सणसणीत फटका मारला. ओरेस्टने तेच केलं जे तो चौदा वर्षं करत आला होता. वाटेत आडवा पडला. पक त्याच्या मांडीच्या मागच्या, जरा मांसल भागावर आदळून कोपऱ्यात गेला. त्यामागे त्यांचा लाफ्लॅम धावला. उठावं म्हटलं तर ओरेस्टचा गुडघा वळेना. मग त्याने बसल्या बसल्याच काठी लांब केली आणि लाफ्लॅमला धाडकन पाडलं.

पंचाचा हात वर गेला. शिट्टी मात्र वाजली नाही. पक अजून पाइन पोर्टेजकडेच होता, आणि केटल बेंडचा कोणी त्याला शिवेपर्यंत खेळ थांबत नाही. अशा वेळी समोरचा संघ आपल्या गोलकीपरला खुशाल बाहेर बोलावतो आणि एक हल्लेखोर जास्तीचा घालतो. केटल बेंडचा कोणी पकला शिवला की शिट्टीच वाजणार, मग जाळी कोण राखतंय? त्यांचा गोलकीपर धावत बाहेर गेला. कोपऱ्यातल्याने पक मागे दिला, आपल्या जोडीदाराला.

जोडीदार बाहेरून आत येणाऱ्या गड्याला हात करत होता.

पक त्याच्या काठीशेजारून गेला. मधली रेघ ओलांडली. पाइन पोर्टेजचे दोघे मागे लागले, त्यातला एक दुसऱ्याच्या पायात अडकला. पक चालला होता अगदी सावकाश, रविवारी जेवून फेरफटका मारायला निघालेल्या माणसासारखा. ओरेस्ट बर्फावर बसून बघत होता. सगळा रिंक उभा राहिला, बसलेला तो एकटाच. पक पाइन पोर्टेजच्याच रिकाम्या जाळीच्या खांबाला घासला, क्षणभर विचारात पडला आणि आत गेला.

दोन-एक!

मग पंचाने ओरेस्टला धरून उठवलं आणि शिक्षेच्या बाकावर नेऊन बसवलं. पाठोपाठ कर्णा बोलू लागला. "केटल बेंडचा गोल. पाइन पोर्टेजच्या हातून स्वतःच्याच जाळीत, म्हणून पकला शेवटी शिवलेल्या प्रतिस्पर्ध्याच्या नावावर. क्रमांक चार, ओरेस्ट हाव्रिलुक. पाय अडकवून पाडल्याबद्दल दोन मिनिटांची शिक्षा. क्रमांक चार, ओरेस्ट हाव्रिलुक."

ओरेस्टने मागे वळून बघितलं. काचेमागे नेस्टर लालबुंद.

"हा गोल?" नेस्टर काचेवर मुठी आपटत होता. "हात लावला नाहीस! काठी लावली नाहीस!"

"मांडी लावली, तातो!"

"ती तर बचाव करताना लागली! चोरा, तू बसला होतास!"

स्टेफ्काने बापाच्या कोटाची बाही ओढली. "तातो, लग्नात खुर्चीवर चढून काय म्हणाला होतात?"

"काय म्हणालो?"

"उभ्याने जमत नसेल तर बसून करा. पाद्रीबाबा साक्षीला आहेत. बोलावू?"

नेस्टरचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. नेमक्या त्याच क्षणी वर्तमानपत्राच्या फोटोवाल्याने कळ दाबली. उरलेली मिनिटं केटल बेंडने कशीबशी रेटली आणि सामना जिंकला. शालीतली कोव्बासा कपडे बदलायच्या खोलीत वाटली गेली. ज्यांच्या कवळ्या पेल्यात होत्या त्यांनी ती नुसती चोखली.

एप्रिलमध्ये ओरेस्ट एप्रन बांधून दुकानात उभा राहिला. पहिले आठ दिवस माळ जागच्या जागी होती. नेस्टर म्हणे, "चौकट बनतेय." नवव्या दिवशी सकाळी ओरेस्ट कुलूप उघडून आत आला तेव्हा सातव्या खिळ्यावर फोटो होता. फोटोत बाकावर बसलेला, पाच दात नसलेला, कानापर्यंत हसणारा ओरेस्ट, आणि काचेमागे उभा, जबडा वासलेला नेस्टर. लसणाचा वास मात्र त्या भिंतीला कायमचा लागलाय. अजून येतो.

त्यानंतर ओरेस्ट भिंतीकडे तोंड करून सॉसेज तोलायला लागला. गोष्ट विचारणाऱ्या प्रत्येकाला सांगायचा, आणि दर खेपेला तो पक आणखी सावकाश जायचा. नेस्टर खिडकीपाशी खुर्ची टाकून दिवसभर चुका काढायचा. "मधली रेघ एकदाच ओलांडली, दोनदा नाही!"

एकदा बाहेरगावचं एक गिऱ्हाईक फोटो निरखत म्हणालं, "यात दोघं दिसतात. यातल्या गोल केलेल्याचं नाव काय?"

ओरेस्टने सुरी थांबवली आणि खिडकीकडे बघितलं. नेस्टर रस्त्याकडे तोंड करून बसला होता. त्याने मिशी कुरवाळली.

"बसलाय तो," नेस्टर म्हणाला. "आमचे जावई."