टॉवेलाखालचा भाव

जालन्याहून एसटी सुटली आणि शेजारच्या काकांनी माझ्या बॅगेवरचं कंपनीचं नाव वाचलं. "गॅसवाले का?" बाहेरून येणाऱ्या नैसर्गिक वायूचे करार मी पुण्यात बसून वाचतो, हे कबूल करावं लागलं.

"मंग रशिया चीनला गॅस कोणत्या भावानं देऊन राह्यला?"

"भाव सांगत नाहीत."

"म्हंजे गडबड हाय. बराबर?"

बराबरच होतं. युरोपचं मोठं गिऱ्हाईक तुटल्यापासून गरज रशियाला जास्त, आणि चीनला ते पक्कं ठाऊक आहे. नव्या पाइपलाइनवर दोघे वर्षानुवर्षं बोलतात, फोटोत हसतात आणि भावाचा विषय निघाला की गप्प बसतात. असल्या हसण्यावर संशय घेण्याचाच मला पगार मिळतो.

आष्टीत मामांकडे पोहोचलो. भाकरीबरोबरच्या ठेच्यानं डोळ्यांत पाणी आणलं, ते पुसतोय तोवर मामीनं विषय काढला. मामांचे गुडघे गेलेत, म्हणून मोत्या-हरण्या ही बैलजोडी उद्या बाजारात विकायची होती.

"पैसा कमी आला तर येऊ द्या," मामी म्हणाली, "पण जोडी फोडू नका. मोत्या डाव्या अंगाला नसला तर हरण्या उभासुदिक राहत न्हाई. भाचेबुवा, तुमी संग जा."

बाजारात मनोहर नावाचा हेडी (जनावरांचा व्यापारी) भेटला. त्यानं बैलांचे दात पाहिले आणि जरा जास्तच गोड हसला. तीर्थपुरीचं दुसरं गिऱ्हाईक यायचं होतं, पण त्याचा नेमका तेव्हाच फोन आला की येत नाही. मी मामांच्या कानाशी लागलो. "याला कळू देऊ नका. रशियाचं तेच झालं. दुसरा घेणारा नाही असं दिसलं की समोरचा मांडी ठोकून बसतो."

मामांनी मान डोलावली आणि मनोहरला सरळ सांगून टाकलं, "तीर्थपुरीवाला येत न्हाई. तू एकटाच हाईस. भाव पडू दे, पण जोडी एकाच घरी गेली पाह्यजे."

मी कपाळाला हात लावला.

मनोहरनं हातावर टॉवेल टाकला. इथं भाव तोंडानं बोलत नाहीत, टॉवेलाखाली एकमेकांची बोटं दाबून ठरवतात. भोवती माणसं उभी असली तरी आकडा दोघांनाच कळतो. टॉवेल हलला, थांबला, पुन्हा हलला. मामांनी हात काढून घेतला.

"कितीला?" मी विचारलं.

"इचारू नका. जोडीपायी सोडलं."

"बिलकुल एकाच घरी," मनोहर म्हणाला. "जबान दिली."

परतताना वाटूर फाट्यावर बस बदलायला उतरलो, तर चहाच्या हॉटेलासमोर मनोहरचा टेम्पो उभा होता. फळ्यांच्या फटीतून डोकावलो. आत एकटा मोत्या.

"हरण्या कुठंय?"

"मागच्या गाडीत येऊन राह्यला," मनोहर म्हणाला आणि जल्दीनं चहा संपवून मंठ्याकडे निघून गेला.

मी जालन्याची बस सोडली. नंतरचीही सोडली. आष्टीकडच्या रस्त्यावरून ऊस आला, वऱ्हाड आलं, हरण्या आला नाही. शेवटी मामांना फोन करून खरं ते सांगितलं.

"मला टॉवेलाखालीच वाटल्तं," मामा म्हणाले. "जोडीचं नाव काढलं तवा त्याचा हात ढिला पडल्ता. मामीला मातर सांगू नका."

मला मनोहरचा राग आला, आणि मामांचाही.

पुण्यात ऑफिसात आलो, तर वर्तमानपत्रात त्या दोन देशांच्या बोलण्यांची बातमी होती. फोटो तसाच, हसरा. भाव नव्हता. या वेळी मी चेहरे सोडून हात पाहत बसलो. तेवढ्यात मामीचा फोन आला.

"भाचेबुवा, वाटूरला गाडी दिसल्ती म्हणं. दोघं होते ना?"

"होते, मामी. शेजारीशेजारी. अगदी शांत उभे होते."

"मोत्या कोणत्या अंगाला होता?"

"उजव्या," मी म्हणालो.

"आन् हरण्या तसा उभा राह्यला?" मामीनं विचारलं. फोन तिनं चालूच ठेवला होता; मागं मामा खोकलेले ऐकू आले.